राणीछाप रुपये आणि जागायच्या गोळ्या : नाशिकच्या एका अभ्यासिकेतलं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलाला इथे सुजित म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. हा मजकूर त्यानं आणि त्याच्या आईवडिलांनी वाचला आहे, दोन ठिकाणी दुरुस्तीही सुचवली आहे. लिहिणारा मी, म्हणजे तो ज्या अभ्यासिकेत बसायचा ती चालवणारा माणूस. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. इथे औषधांबद्दल जे आहे ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

सुजित निफाड तालुक्यातल्या एका गावचा. घरी द्राक्षबाग आणि थोडा कांदा. वडिलांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही तेच म्हणतो. बी.एस्सी. झाल्यावर राज्यसेवेच्या तयारीसाठी तो नाशिकला आला. तिघांत मिळून खोली, मेसचा डबा आणि गंगापूर रोडच्या बाजूला असलेली माझी अभ्यासिका. पहाटे साडेपाचला मी यायचो तेव्हा हा पायरीवर बसलेला असायचा.

त्याची ओळख म्हणजे त्याची ‘नेते’ नावाची वही. जगभरातल्या राजकीय नेत्यांच्या बारीकसारीक गोष्टी त्यात होत्या. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारीचा, १८९६ चा. गुलझारीलाल नंदा दोनदा काळजीवाहू पंतप्रधान झाले, दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस. शास्त्रीजींचं ‘शास्त्री’ हे आडनाव नव्हे, काशी विद्यापीठाची पदवी. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. चहाच्या टपरीवर पोरं त्याच्याभोवती जमायची. प्रश्न टाकायचा आणि सुजितनं उत्तर द्यायचं, असा रोजचा खेळ होता. पूर्व परीक्षेत तो पहिल्या प्रयत्नात थोडक्यात राहिला, तरी ‘हा पोरगा काढणार’ असं सगळेच म्हणायचे. त्या बोलण्याचं ओझं त्याच्यावर किती होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

दुसरा धागा नाण्यांचा. मला तीस वर्षांपासून जुन्या नाण्यांचा नाद आहे. नाशिकमध्ये तो लागायला वेळ लागत नाही. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात तेरा हजारांवर नाणी होती. सगळी नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. नाशिकरोडच्या छापखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात. सुजितच्या आजोबांनी जपलेला नाण्यांचा एक पितळी डबा त्यांच्या घरी आहे, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दर लक्ष्मीपूजनाला त्यातले राणीछाप रुपये ताम्हनात ठेवून त्यांची पूजा व्हायची.

अडचण कशी वाढत गेली

२०२३ च्या उन्हाळ्यात एका मुलानं सुजितला ‘जागायची गोळी’ दिली. ती मोडॅफिनिल होती. दिवसा अनावर झोप येण्याचा आजार असतो, किंवा पाळी बदलून काम करणाऱ्यांना झोपेचा त्रास होतो, अशांसाठी हे औषध आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. एकदा घेतलेल्या गोळीतलं निम्मं औषध शरीरातून जायलाच बारा ते पंधरा तास लागतात. सुजित ती दुपारी चारला घ्यायचा. रात्री झोप न येण्याचं कारण तिथंच होतं. पण त्याला वाटलं, आपली झोपेची गरजच कमी झाली आहे.

आधी आठवड्यातून दोनदा अर्धी, मग रोज एक, मग दोन. ऑगस्टमध्ये त्याच मुलाकडून दुसरी गोळी आली, मिथाइलफेनिडेट. हे औषध १९४४ मध्ये सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनतज्ज्ञानं तयार केलं आणि त्याचं ‘रिटालिन’ हे नाव त्याच्या बायकोच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून पडलं. ही माहितीही मला सुजितच्या वहीतच सापडली. लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार ज्यांना खरोखर आहे, त्यांच्यासाठी हे चांगलं आणि उपयोगाचं औषध आहे. पण आपल्याकडे ते अनुसूची ‘एक्स’मध्ये मोडतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत मेडिकलवाल्यानं दोन वर्षं सांभाळायची असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही ते मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत येतं. चिठ्ठीशिवाय ते मिळतं तेव्हा किंमत तिप्पट-चौपट होते. सुजितचा महिन्याचा खर्च एकदम साडेतीन हजारांनी वाढला.

खुणा सगळ्या समोर होत्या. मेसचा डबा न उघडता परत जाऊ लागला. गाल बसले. बोलणं घाईचं झालं, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. एका रात्री तो गेल्यावर टेबलावर त्याची राज्यघटनेची वही उघडी राहिली होती. पानावरची एकही ओळ अधोरेखित केल्यावाचून राहिली नव्हती. आधी पिवळा, त्यावर हिरवा, त्यावर लाल पेन, आणि शाई कागदातून पलीकडे उतरलेली. मी वही मिटून त्याच्या कप्प्यात ठेवली. ‘पोरगं झपाटून अभ्यास करतंय’ असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

पैशांची ओढाताण सुरू झाली तेव्हाच मोबाइलवर त्याला तो व्हिडिओ दिसला : इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळवा, वैष्णोदेवीचं नाणं असेल तर आणखी जास्त. त्यानं नंबर लावला. पलीकडच्या माणसानं नाण्याचे फोटो मागवले, ‘अभिनंदन’ म्हटलं आणि नोंदणीचे १,८५० रुपये भरायला सांगितले.

नाण्यांचा तास

सप्टेंबरच्या शेवटी, पितृपंधरवडा लागायच्या आसपास, सुजित तो पितळी डबा घेऊन माझ्याकडे आला. हा तास मी सविस्तर सांगतो, कारण या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक याच तासात झाली.

डब्यात एकवीस नाणी होती. मी टेबलावर फडकं अंथरलं, भिंग आणि छोटा वजनकाटा काढला आणि एकेक नाणं सांगत गेलो.

इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं नाणं १९८५ चं, जाडजूड, तांबे-निकेलचं. अशी नाणी ढिगानं पाडली गेली. चलनात फिरलेल्या नाण्याला हौशी माणूस फार तर थोडे पैसे जास्त देईल. नेहरूंचं १९६४ चं रुपयाचं नाणं म्हणजे स्वतंत्र भारतात एखाद्या नेत्याच्या स्मरणार्थ निघालेल्या पहिल्या नाण्यांपैकी एक, पण तेही मुबलक. १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं मात्र चांदीचं : पंधरा ग्रॅम वजन, त्यात ८० टक्के, म्हणजे बारा ग्रॅम चांदी. त्या दिवसांत चांदी ग्रॅमला सत्तरीच्या थोडी वर होती, म्हणजे साडेआठशेच्या घरातली चांदी. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, आजही चलनात चालणारं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, पण म्हणून ती दुर्मीळ होत नाहीत. नाणं जुनं असणं वेगळं आणि मिळेनासं असणं वेगळं. सातवाहनांचं शिशाचं नाणं दोन हजार वर्षांचं असूनही कधीकधी काही शेकड्यांत मिळतं.

चार राणीछाप रुपये होते, व्हिक्टोरियाचे. ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ लिहिलेले, म्हणजे १८७७ नंतरचे. वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. एक रुपया पाचव्या जॉर्जचा, १९१२ चा. तो पाहून सुजितचा चेहरा पडला. त्याला १९११ चा हवा होता. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती असा काही कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. गदारोळ झाला, नाणी परत घेऊन वितळवली, पुढच्या वर्षी हत्तीची सोंड आणि कान ठळक केले. वितळवण्यातून सुटली तेवढीच राहिली, म्हणून १९११ च्या रुपयाला भाव आहे. ही गोष्ट त्याला माझ्याइतकीच नीट माहीत होती.

एक रामदरबाराचं नाणं होतं, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं. ते खोटं. कंपनीनं आपल्या मुलखासाठी एकसारखी नाणी पाडली ती १८३५ पासून, त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं होतं. राम-सीतेचे, हनुमानाचे असे तुकडे जत्रेत विकायला पाडलेले असतात. आजोबांनी श्रद्धेनं ठेवलं असेल, ठेवावं. पण त्याचे लाख रुपये सांगणारा माणूस फसवणारा समजावा.

आणि तळाशी एक काळपट, वेडावाकडा रुपया, कडेला अर्धवट फारसी अक्षरं. सुजितनं तो बाजूला टाकला होता. तो चांदवडी रुपया होता. आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवडच्या, होळकरांच्या टाकसाळीतला, शाह आलम बादशहाच्या नावानं पाडलेला. एकवीस नाण्यांत मला मनापासून हवंसं वाटलं ते हेच.

मी तासभर बोलत होतो. भारावलो होतो, खरं सांगायचं तर. सुजितच्या हाताला कंप होता. काट्यावर नाणं ठेवताना ते दोनदा घरंगळलं. त्यानं मधेच विचारलं, “सर, रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांसाठी परवाना देते का?” मी म्हटलं, “छे, असलं काही नसतं,” आणि पुढच्या नाण्याकडे वळलो. तो असा प्रश्न का विचारतोय हे मी विचारलं नाही. शेवटी त्यानं विचारलं, हे विकायचे झाले तर कुठे? मी सराफ बाजाराचा रस्ता सांगितला, मोडीच्या भावात देऊ नकोस एवढं बजावलं. चोवीस वर्षांचा मुलगा पितृपंधरवड्यात आजोबांची नाणी विकायला काढतो आणि मी त्याला ग्रॅमचा हिशोब समजावत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं चारही राणीछाप रुपये मोडीतच दिले, सहाशेला एक. ते पैसे १,८५० नंतर ‘जीएसटी’चे म्हणून मागितलेल्या ४,९०० च्या भरण्यात गेले. दिवाळीआधी लाखो रुपये येतील, राणीछाप रुपये दुसरीकडून विकत घेऊन डब्यात परत ठेवू, आईला लक्ष्मीपूजनाला कळणारही नाही, असा त्याचा बेत होता.

ती रात्र

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एका रात्री दहाच्या सुमारास सुजित खुर्चीतून उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. छातीत धडधडतंय म्हणाला. ओठ कोरडे, जबडा आवळलेला. तीन रात्री तो झोपला नव्हता. शेजारची दोन मुलं आपल्याबद्दलच कुजबुजतायत आणि रिझर्व्ह बँकेचे लोक खाली उभे आहेत, असं तो सांगत होता. खाली कोणी नव्हतं. मग त्यानं मोबाइलवरचं पत्र दाखवलं : वर बँकेचं बोधचिन्ह, खाली शिक्का, ‘ना हरकत प्रमाणपत्राचे ९,५०० रुपये न भरल्यास अटक’. ते पैसे त्यानं त्याच संध्याकाळी उसने घेऊन भरले होते.

मी “काय घेतलंस?” म्हणून विचारलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, “सर, केनेडी घेत होते. ईडन घेत होते. सगळे घेतात.”

याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिक्षा बोलावली आणि जवळच्या रुग्णालयात नेलं. नाडी मिनिटाला १३० च्या पुढे, रक्तदाब चढलेला. ईसीजीत ठोक्यांची लय ठीक होती. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.

समोर असलेले मार्ग

सकाळी चहा घेत मी आणि त्याचा खोलीतला मित्र विचार करत बसलो.

पहिला मार्ग, घरी काहीच न कळवणं. सुजितनं तेच विनवलं होतं, आणि तो सज्ञान होता. दुसरा, नानांना बोलावणं. तिसरा, पोलिसांत जाणं, कारण गोळ्या पुरवणारा मुलगा कोण ते आता कळलं होतं. चौथा, व्यसनमुक्ती केंद्रात भरती. पाचवा मार्ग मित्रानं सुचवला : दोन महिने गावी पाठवू, बागेत राहिला की आपोआप बरा होईल.

वेळ वाईट होती. त्याच दिवसांत मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन, म्हणजे एमडी, बनवणारा कारखाना पकडला होता. वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यानंच भरली होती. जिल्ह्यातले सगळे आईबाप त्या आठवड्यात आपल्या पोरांकडे संशयानं बघत होते. अशा वेळी नानांना ‘गोळ्या’ हा शब्द फोनवर सांगितला तर ते काय समजतील, याची मला धास्ती होती.

मी डॉक्टरांना विचारलं. त्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी सुजितशी एकटीनं अर्धा तास बोलून घेतलं आणि मग मला म्हणाल्या, घरी सांगायचं की नाही यावर वाद घालू नका, कोणाला आधी सांगायचं हे त्यालाच ठरवू द्या. त्यानं आईचं नाव घेतलं.

काय केलं

आईला मी फोन केला, शेजारी सुजित बसलेला. वाक्य आधी ठरवून घेतलं होतं : “सुजित माझ्यासमोर आहे, शुद्धीवर आहे, बोलतोय. जागरणासाठी औषध घेत होता, त्याचा त्रास झालाय. तुम्ही आणि नाना या.” एमडी नव्हे, हेही लगेच सांगितलं. दुपारी दोघं आले. नाना दारातच थांबले. त्यांच्या हातात त्या दिवशीचा पेपर होता, घडी घातलेला. “सर, खरं सांगा, ते कारखान्यातलं आहे का?” इतकंच विचारलं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून दोन्ही गोळ्यांची पाकिटं दाखवली. उत्तेजक म्हणून ही औषधं आणि मेफेड्रोन एका कुळातली वाटली तरी त्यांची ताकद, शुद्धता आणि धोका सारखा नाही, हे समजावलं. पण चिठ्ठीशिवाय, अंदाजानं, दोन्ही मिसळून घेतलेलं औषधही माणसाला भ्रमापर्यंत नेतं, हेही स्पष्ट सांगितलं.

केंद्रात भरतीची गरज नाही, असं त्यांचं मत पडलं. गोळ्या बंद, देखरेख घरच्यांची, दर आठवड्याला तपासणी. एक गोष्ट त्यांनी नानांना बाजूला घेऊन सांगितली. उत्तेजक औषध सुटलं की माणूस कोसळल्यासारखा झोपतो, खा-खा सुटते आणि मन फार खचतं. त्या दिवसांत जीव द्यायचे विचार येऊ शकतात. त्याला थेट विचारा, विचारल्यानं कोणी असं करत नाही. आणि घरात फवारणीची औषधं असतील तर कुलपात टाका. नानांनी त्याच संध्याकाळी गोडाऊनला कुलूप लावलं आणि किल्ली चुलत्यांकडे दिली. बाग असलेल्या घरात ही सूचना किती मोलाची होती, ते मला दोन आठवड्यांनी कळलं. सुजितनंच सांगितलं.

फसवणुकीचं काम मी अंगावर घेतलं. सकाळीच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, मग ऑनलाइन तक्रार, मग बँक. शेवटचे ९,५०० आदल्या संध्याकाळीच गेलेले असल्यानं ते समोरच्या खात्यात गोठवता आले. सुजितला मी रिझर्व्ह बँकेचं ४ ऑगस्ट २०२१ चं निवेदन वाचायला दिलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्यानं ते दोनदा वाचलं आणि “म्हणजे अटक नाही ना?” असं विचारलं. तीन दिवस तो त्याच भीतीत होता.

पोलिसांत गोळ्यांची तक्रार द्यायची नाही, असं घरच्यांनी ठरवलं. ओळखीच्या वकिलांनी अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४ अ समजावलं होतं. स्वतःसाठी सेवन करणारा माणूस आपण होऊन उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. ते ऐकून नानांचा श्वास खाली बसला.

केनेडी आणि ईडनचं उत्तर मात्र मी शोधून काढलं, कारण ते वाक्य मला टोचत होतं. सुजितची माहिती चुकीची नव्हती. मॅक्स जेकबसन नावाचा डॉक्टर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना अँफेटामाइन हे उत्तेजक मिसळलेली इंजेक्शनं देत असे, जून १९६१ मध्ये व्हिएन्नात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी बोलणी झाली त्या दिवसांतही. पुढे १९७५ मध्ये त्या डॉक्टरचा परवाना रद्द झाला. ब्रिटनचे अँथनी ईडन १९५३ च्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा झाल्यापासून आजारी असायचे, १९५६ च्या सुएझच्या पेचात त्यांच्या औषधांत अँफेटामाइन होतं, आणि जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीच्या कारणानं त्यांनी पंतप्रधानपद सोडलं. जर्मनीत ‘पर्विटिन’ म्हणजे मेथअँफेटामाइनच्या गोळ्या १९३८ पासून दुकानांत मिळत, सैन्याला लाखांनी वाटल्या गेल्या, आणि १९४१ मध्ये त्याच सरकारनं त्यांवर अफूच्या कायद्याखाली निर्बंध घातले. वहीत प्रत्येक नोंदीचं पहिलं वाक्य होतं, पुढचं नव्हतं. मी ती पुढची वाक्यं एका कागदावर लिहून त्याला दिली. वाद घातला नाही. बऱ्याच दिवसांनी वही पाहिली तर त्यानं ती नोंदींखाली, बारीक अक्षरात, उतरवून घेतली होती.

निष्पत्ती

पहिले दहा दिवस सुजित चौदा-चौदा तास झोपला. मग अडीच-तीन आठवडे खिन्नतेचे गेले. लक्ष्मीपूजनाला आईनं डबा उघडला. त्याआधीच त्यानं तिला सांगून टाकलं होतं. त्या वर्षी ताम्हनात गांधींचं चांदीचं नाणं आणि चांदवडी रुपया ठेवला गेला. राणीछाप रुपये परत मिळाले नाहीत. मी दोनदा त्या दुकानात गेलो, ते केव्हाच वितळले होते.

गोठवलेले ९,५०० कोर्टाच्या आदेशानं काही महिन्यांनी परत आले. आधीचे ६,७५० गेले ते गेलेच.

डिसेंबरमध्ये नाना, सुजित आणि मी पांडवलेणी चढलो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी), पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दरानं, असं कोरलेलं आहे. नाण्याचा भाव दगडात, दोन हजार वर्षांपूर्वीचा. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेवलेल्या ठेवीचं व्याजही तिथंच लिहिलं आहे. नाना बराच वेळ त्या अक्षरांवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत उभे होते. खाली उतरताना सुजित पहिल्यांदा आपण होऊन गोळ्यांबद्दल त्यांच्याशी बोलला. मी मागे राहिलो.

पुढची वाट सरळ नव्हती. २०२४ च्या मार्चमध्ये परीक्षा जवळ आली तसं त्यानं पुन्हा एक पाकीट आणलं. दोन गोळ्या घेतल्या, उरलेलं पाकीट मला आणून दिलं आणि डॉक्टरांकडे स्वतः गेला. लक्ष न लागण्याचा विकार त्याला आहे का, याचीही डॉक्टरांनी नीट तपासणी केली. तो नव्हता. त्या वर्षी त्यानं परीक्षा दिली नाही. सध्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि संध्याकाळी दोन तास अभ्यासाला बसतो. रात्री साडेदहाला दिवा बंद.

पुन्हा करायचं झालं तर

नाणी विकायला आलेल्याला भाव सांगण्याआधी मी आता विचारतो, पैशांची नड कसली आहे? सगळे सांगत नाहीत. पण या दोन वर्षांत तिघांनी सांगितलं, आणि त्यातल्या एका आजींच्या नातवानं असंच ‘नोंदणी शुल्क’ भरलं होतं.

परत जाणारा डबा मी आता मोजतो. मेसवाल्या ताईंना सांगून ठेवलं आहे की सलग तीन डबे न उघडता आले तर मला कळवा. अभ्यासिका रात्री अकराला बंद करतो. आधी ती चोवीस तास उघडी असायची आणि पाटीवर मी ते अभिमानानं लिहिलं होतं. त्याच पाटीखाली आता टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

घाईत एक चूक अशीही झाली की मी सगळ्या मुलांना गोळा करून गोळ्यांविरुद्ध कडक बोललो. आमच्याकडे एक मुलगी तेच मिथाइलफेनिडेट लहानपणापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेते, तिला त्याची गरज आहे. त्या भाषणानंतर दोघातिघांनी तिच्या बॅगेकडे बोट दाखवलं. मी तिची माफी मागितली आणि दुसऱ्या आठवड्यात मुलांशी पुन्हा बोललो. या वेळी डॉक्टरांना बोलावलं आणि मी मागच्या बाकावर बसलो.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जड जाणारं. गोळ्या देणाऱ्या मुलाला मी त्याच दिवशी संध्याकाळी काढून टाकलं. कप्पा रिकामा कर म्हटलं, अनामत हातात ठेवली. कायद्यानं त्यानं केलं तो पुरवठाच होता, आणि बाकीच्या मुलांची जबाबदारी माझ्यावर होती, त्यामुळे त्याला आत ठेवता आलं नसतं. पण त्याचेही गाल बसलेले होते. अनामत मोजून घेताना त्याच्याही हाताला तोच कंप होता, आणि तो मी पाहिला होता. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या घरच्यांचा नंबर प्रवेशाच्या अर्जावर होता. तो लावायला मला सहा महिने लागले. त्याचे वडील म्हणाले, तो घरी आहे, उपचार चालू आहेत, त्यांनाही रात्री रुग्णालयात धावावं लागलं होतं. कधी, म्हणून मी विचारलं. तुम्ही काढल्याच्या चौथ्या दिवशी, ते म्हणाले.